जखमेची कड

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पारदर्शक प्लास्टिकच्या सतरा शीट्स आहेत. प्रत्येकीवर काळ्या मार्करने ओढलेली एक बंद रेषा, खाली तारीख आणि कोपऱ्यात एक आकडा. पहिल्या शीटवर 11.4, दहावीवर 10.6. हे चौरस सेंटिमीटर आहेत. बाबांच्या उजव्या तळपायाला, जिथे चवडा जमिनीला टेकतो तिथे, त्या उन्हाळ्यात एवढी जागा कातडीविना होती.

शीट काढायची पद्धत साधी होती. रविवारी सकाळी आई पलंगावर जुनी चादर अंथरायची. मी हात धुऊन बँडेज सोडायची आणि गॉझवर सलाइन ओतून तो चांगला भिजू द्यायची, म्हणजे ओढताना खालचं नवं काही उचकटून येऊ नये. जखम धुऊन झाली की तिच्यावर आधी एक स्वच्छ पातळ प्लास्टिक, त्यावर शीट, आणि मग पेन कडेकडेने फिरवायचं. बाबा छताकडे बघत पडलेले असायचे. पेन टेकलेलं त्यांना कळायचं नाही. एकदा मी अर्धी कड ओढून झाल्यावर विचारलं, "बाबा, दुखतंय का?" तर म्हणाले, "सुरू केलं का तू?"

घडलं ते नवतप्यात. रोहिणी नक्षत्र लागल्यानंतरचे ते नऊ दिवस नागपूरकर श्वास रोखूनच काढतात. पारा 45-46 वर, डांबर चपलेला धरतं, कूलरसुद्धा गरम हवाच फेकतो. अशा दिवशी दुपारी साडेबाराला बाबा एका देवळात गेले. चप्पल बाहेर काढली, उघड्या फरशीवरून गाभाऱ्यापर्यंत गेले, प्रदक्षिणा घातली, परत आले. सगळी मिळून पाचेक मिनिटं. बाकीची माणसं चवड्यांवर उड्या मारत सावली गाठत होती, बाबा एकटे शांतपणे चालत होते. मानेवाडा रोडच्या घरी आल्यावर आईला फरशीवर ओले ठसे दिसले. फक्त उजव्या पायाचे. भाजून आलेला फोड चालता चालता फुटला होता, आणि ज्याच्या पायाला तो आला होता त्याला पत्ता नव्हता.

एकोणीस वर्षांची शुगर. पायाच्या नसा आधी जातात हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण बाबांच्या पायांच्या बाबतीत ते मनात उतरत नव्हतं. बाबा रेल्वेत की-मॅन होते. आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी तपासायचा, सैल झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवायची, नटबोल्ट पाहायचे, हे त्यांचं काम. खडीवरून चालताना कुठला स्लीपर डुगतोय ते आधी पायाला कळतं, डोळ्यांना मागून, असं ते सांगायचे. तेच पाय.

आणि त्यांच्या मुलीचं काम काय, तर जखम कशी मिटते याचं भौतिकशास्त्र. मी कॉलेजात शिकवते, आणि उरलेल्या वेळात पेशींच्या थरांची सिम्युलेशन्स करते. गेली अकरा वर्षं. घरात कुणी विचारलं तर "कॉम्प्युटरवर पेशींचं काम" असं म्हणून मी विषय संपवायची. त्या उन्हाळ्यात मात्र बाबा दिवसभर पलंगावर, मी सुट्टीमुळे घरी, आणि लॅपटॉप त्यांच्या खोलीतल्या कूलरसमोर, कारण दुसऱ्या खोलीत तो तापून बंद पडायचा. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट विचारलं. मग मी नीट सांगितलं.

सुरुवात मी स्पंजापासून केली, कारण माझी स्वतःचीही सुरुवात तिथूनच झाली. 1907 साली हेन्री विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातला जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. खाली पाण्यात पडल्या त्या सुट्या पेशी आणि पेशींचे लहान पुंजके. ते हळूहळू एकमेकांजवळ सरकले, चिकटले, आणि त्यातून पुन्हा स्पंज उभा राहिला. एम.एस्सी.ला असताना हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. जिवाला पिळून गाळून घेतलं तरी तो आपली मांडणी विसरत नाही, ही मांडणी मग असते तरी कुठे? 1960च्या दशकात माल्कम स्टाइनबर्ग यांनी त्याचं एक उत्तर मांडलं. वेगवेगळ्या जातीच्या पेशी एकमेकींना कमीजास्त घट्ट चिकटतात, आणि पाण्यात तेल जसं वेगळं होतं तसं एवढ्यावरूनच कोण आत जाईल, कोण बाहेर राहील ते ठरू शकतं. 1992 मध्ये फ्रान्स्वा ग्रानेर आणि जेम्स ग्लेझर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हीच कल्पना कॉम्प्युटरवर चालवून दाखवली. पडदा म्हणजे चौकटींचा कागद, एक पेशी म्हणजे शेजारशेजारच्या काही चौकटींचा गट. कॉम्प्युटर अधूनमधून एखादी कडेची चौकट उचलतो आणि ती शेजारच्या पेशीला देऊन बघतो. एकूण ऊर्जा कमी झाली तर बदल ठेवायचा. वाढली तर बहुतेक वेळा नाकारायचा, पण कधीकधी ठेवायचाही. हे "कधीकधी" फार महत्त्वाचं आहे. ते नसेल तर सगळं पहिल्याच खड्ड्यात अडकून बसतं.

बाबांना चौकटी लगेच पटल्या. कारण रविवारी शीट काढून झाली की मी ती ग्राफ पेपरवर ठेवून रेषेच्या आतल्या चौकटी मोजायची, आणि अर्ध्यामुर्ध्या चौकटींचा हिशेब ते तोंडी करायचे.

माझं स्वतःचं काम मात्र चौकटींवर नाही, बहुकोनांवर चालतं. काकडीची साल पातळ सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर ते दिसतं. मी दरवर्षी पोरांना दाखवते. भिंतीला भिंत लावून बसलेली घरं, मध्ये गल्ली नाही. कुणाला पाच बाजू, कुणाला सात, क्वचित चार. फ्रेडरिक लुईस यांनी 1920च्या दशकात काकडीच्याच सालीवर बसून पेशींच्या बाजू मोजल्या होत्या, आणि सरासरी आली जवळजवळ नेमकी सहा. हा काकडीचा गुण नाही. जिथे प्रत्येक कोपऱ्यावर तीनच भिंती भेटतात, अशी कुठलीही मोठी सपाट मांडणी घ्या, सरासरी सहाच येणार. हे गणितज्ञ ऑयलरच्या सूत्रातून निघतं, 1750 साली त्याने गोल्डबाख या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवलेल्या. पहिल्यांदा मोजणारी पोरं चौदा-पंधरा पेशींत 5.6 आली म्हणून हिरमुसतात. मग मी त्यांना अजून मोजायला लावते.

आपल्या त्वचेचा जो थर जखमेवर सरकत येतो, तोही असाच. शाळेच्या पुस्तकात त्याला अभिस्तर ऊती म्हणतात. सिम्युलेशनमध्ये मी प्रत्येक पेशीला दोनच हट्ट देते. एक, माझं क्षेत्रफळ एवढं असावं. दोन, माझी परिमिती एवढी असावी. परिमितीच्या हट्टात दोन गोष्टींची ओढाताण दडलेली असते. पेशीच्या आतल्या कडेने अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचा पट्टा असतो, तो आवळत राहतो, त्याला परिमिती लहान हवी. आणि शेजारणीला चिकटवणारी प्रथिनं असतात, त्यांना सामायिक भिंत लांब हवी. आवळणं जिंकलं तर पेशी आटोपशीर, गोलसर. चिकटणं जिंकलं तर ती लांबुळकी, वेडीवाकडी.

आता परिमितीला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा. एक शुद्ध आकडा मिळतो, पेशी लहान की मोठी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वर्तुळाला 3.54, नियमित षट्कोनाला 3.72, चौरसाला 4. 2015 साली सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लिसा मॅनिंग, डापेंग बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या प्रतिमानात, म्हणजे मॉडेलमध्ये, सगळा खेळ 3.81च्या आसपास फिरतो. नियमित पंचकोनाचा आकडाही जवळपास तोच. पेशींचा हा आकडा त्याखाली असेल तर थर घन पदार्थासारखा गच्च. त्यावर गेला की तोच थर द्रवासारखा वाहतो.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गर्दी कमी झाली की सुटते." सगळे असंच म्हणतात, आणि इथेच या गोष्टीचं सौंदर्य आहे. तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीत माणूस अडकला तर गर्दी विरळ होईपर्यंत सुटका नाही. पेशींच्या थरात विरळ होणं नाहीच. तिथे आधीपासून सगळी जागा भरलेली, गच्च असतानाही आणि वाहतानाही. गर्दी तेवढीच, माणसं तेवढीच, रिकामी जागा शून्य. बदलतो तो फक्त प्रत्येकीचा आकार, आपल्या आत ती स्वतःला किती आवळून बसली आहे ते.

आणि वाहणं म्हणजे तरी काय? चार पेशी घ्या. दोघींची एक सामायिक भिंत आहे, उरलेल्या दोघी तिच्या दोन टोकांना. ती भिंत आखूड होत होत एक बिंदू होते. क्षणभर चौघी एकाच कोपऱ्यावर भेटतात. मग त्या बिंदूतून आडवी नवी भिंत उगवते, आणि जुन्या शेजारणी सुटून टोकांवरच्या दोघी शेजारणी होतात. कुठेही फट पडलेली नसते. 3.81च्या खाली या एवढ्याशा अदलाबदलीसाठी ऊर्जेचा एक उंबरा ओलांडावा लागतो. वर गेलं की उंबराच उरत नाही. मी हे हजारो वेळा पडद्यावर पाहिलंय, तरी ती भिंत बिंदू होते तेव्हा मी अजून थांबते.

आकडा कागदावरच राहिला असता तर मी इतकं बोलले नसते. त्याच 2015 साली हार्वर्डमधल्या जेफ्री फ्रेडबर्ग यांच्या गटाने, जिन-आ पार्क यांच्या पुढाकाराने, माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी बशीत वाढवल्या. निरोगी माणसांच्या पेशींचा थर काही दिवसांत जागच्या जागी गच्च बसला. दमा असलेल्यांच्या पेशी बराच जास्त वेळ वाहत राहिल्या. आणि पेशींचे आकार मोजले तर गच्च होताना तो आकडा 3.81कडेच येत होता. कागदावरचा पंचकोन जिवंत पेशींत सापडला. भौतिकशास्त्राकडून याहून जास्त काही मागावं असं मला वाटत नाही.

जखमेच्या कडेवर आणखी दोन गोष्टी होतात. एक, कडेच्या पेशी पातळ पदर पुढे टाकतात आणि त्यावर स्वतःला ओढत रांगतात. दुसरी, कडेकडेने पेशीपेशींतून अ‍ॅक्टिनची एक सलग दोरी तयार होते आणि बटव्याची नाडी ओढावी तशी ती कड आवळत नेते. ही नाडी 1992 मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या पंखावरच्या जखमेत दिसली. पुष्कळ वर्षं समज असा होता की सगळं ओढायचं काम पहिल्या रांगेचं. 2009 मध्ये झेवियर त्रेपात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ जेलवर सरकणाऱ्या थराचे जोर मोजले, तर कडेपासून कितीतरी रांगा मागे असलेल्या पेशीही जोर लावत होत्या. त्या पेशी कुठल्या, तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या. 1958 साली एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून मॅडिन आणि डार्बी यांनी वेगळ्या केल्या, त्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतायत. हे ऐकून आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "ते कुत्रं तर गेलं असेल ना गं?" आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

एका संध्याकाळी मी बाबांना पडद्यावर जखम भरताना दाखवली. मधोमध पांढरं भोक, भोवती बहुकोन. कड आत सरकते, पेशी शेजार बदलतात, भोक लहान होतं, मिटतं. त्यांनी तीनदा बघितलं. मग विचारलं, "यात शुगर हाय का?"

"नाही, बाबा."

"चालनं?"

"नाही."

"मंग भरतेच ना ते."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. रुळाची पाहणी करणारा माणूस जसं बघतो तसं त्यांनी बघितलं होतं, की या रुळावरून गाडी अजून गेलेली नाही. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. प्रतिमान म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं याची निवड, हे मी दरवर्षी पोरांना पहिल्याच तासाला सांगते. सोडलेल्या गोष्टी कुठे जातात हे मात्र मी कधी बोलले नव्हते. त्या इथे पलंगावर होत्या, उशीवर पाय ठेवून.

जून गेला, जुलै गेला. रेषा हलत नव्हती. आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो तिथे दर आठवड्याला मलम बदलायचं, ड्रेसिंगचा प्रकार बदलायचा. साखर आटोक्यात आली. जखमेचा तळ लालबुंद, दाणेदार, चांगला होता. कड मात्र पांढरट, जाड, गोल दुमडल्यासारखी. बोट फिरवलं तर घट्टा हाताला लागायचा. त्वचेचा अभ्यास करणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं आहे. रेंगाळलेल्या जखमेच्या कडेवर पेशी मेलेल्या नसतात. त्या वाढतात, विभागतात, एकीवर एक दाटतात, आणि पुढे सरकत मात्र नाहीत. मी दर रविवारी ती कड भिंगातून बघायची. अकरा वर्षं जिचा अभ्यास केला ती गोष्ट माझ्या हातभर अंतरावर होती आणि मला तिचं काही करता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका ओळखीच्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी जखमेकडे बघितलंच नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत रक्तपुरवठा तपासला, तो चांगला होता. मग खिशातून पेनसारखं काहीतरी काढलं, त्याच्या टोकाला नायलॉनचा एक जाडसर तंतू. म्हणाले, "काका, डोळे मिटा. टेकलं की 'हो' म्हणा."

तंतू अंगठ्याला टेकला. वाकला. उचलला. करंगळीखाली टेकला, वाकला, उचलला. टाच. तळव्याची मधली कमान. मी दारापाशी उभी राहून मोजत होते. दहा जागा. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. दहाव्या जागेनंतर बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "करा ना सुरू."

तो तंतू 10 ग्रॅमचा असतो. म्हणजे 10 ग्रॅम वजनाएवढा जोर झाला की तो वाकतो, आणि त्याहून जास्त दाबलं तर फक्त जास्त वाकतो, टोकावरचा जोर जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे डॉक्टरांचा हात हलका असो की जड, चाचणी सगळीकडे एकच. उभ्या सळईवर दाब वाढवत नेला की एका ठरावीक जोराला ती अचानक बाजूला वाकते, याचं गणित 1744 साली मांडलं ऑयलरने. षट्कोनांची सरासरी सांगणारा तोच ऑयलर. परतीच्या वाटेवर ऑटोत मी हे बाबांना सांगत होते, खरं तर स्वतःला सावरायला. त्यांनी मधेच थांबवलं.

"हे तं बकलिंग होय. मे महिन्यात आमचा रूळ असाच जाते."

आणि मग अजनी येईपर्यंत तेच बोलत होते. लांबच लांब वेल्डिंग केलेला रूळ उन्हात वाढायला बघतो, वाढायला जागा नसते, दाब आतल्या आत साठत जातो. वरून काही दिसत नाही. मग कुठेतरी खडी सैल असली, एखादा बांध कच्चा राहिला, की तिथे रूळ सापासारखा बाजूला सटकतो. म्हणून भर दुपारी, जेव्हा जग घरात असतं, तेव्हा गस्त घालायची. त्या गस्ती त्यांनी किती उन्हाळे घातल्या असतील. रुळाच्या आतला दाब बाहेरून ओळखायचा हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं, आणि हे मला कधी माझ्या विषयाचं वाटलंच नव्हतं.

आम्ही निघताना डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "औषधं ठीक चाललीत. पण काका, तुम्ही रोज या जखमेवर हजारो वेळा उभे राहताय. ज्याला दुखतं तो लंगडतो, वजन दुसऱ्या पायावर टाकतो. तुम्हाला दुखत नाही, म्हणून तुम्ही नीट चालता. हे नीट चालणंच तिला भरू देत नाहीये."

मी भौतिकशास्त्राची माणूस. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आठवीतल्या पोरांना येतं. नऊ आठवडे मी ग्राफ पेपरवर क्षेत्रफळ मोजत होते आणि वरचं बल माझ्या मनात आलं नव्हतं. बाबा बाथरूमला जात होते, चौकातून पेपर आणत होते, संध्याकाळी फाटकापाशी उभे राहत होते, आणि मी चौकटी मोजत होते.

डॉक्टरांनी कडेचा घट्टा पातळ ब्लेडने सोलून काढला. खालून ताजं रक्त आलं तसं ते म्हणाले, "आता ही कड जिवंत आहे." मग गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत पायाला जागोजाग नीट टेकणारं प्लास्टर. त्याने चवड्यावरचा भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, आणि पाऊल टाकताना जखमेचं घासणंही थांबतं.

ही पद्धत जगभर नेण्यात पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. हे ब्रिटिश शल्यचिकित्सक 1946 साली वेल्लोरला आले. कुष्ठरोगात हातपायांचं मांस आपोआप झडतं, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी ओळखलं की मांस आपोआप झडत नाही. संवेदना गेलेली असते, म्हणून माणूस भाजतो, कापतो, एकाच जागी पुन्हा पुन्हा भार टाकतो, आणि ते त्याला कळत नाही. हे वाचताना मला लहानपणीचं आनंदवन आठवलं. शाळेची सहल वरोऱ्याला गेली होती. तिथे काही जणांच्या पायांत जाड, मऊ तळव्याच्या काळ्या चपला होत्या. एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला. मला वाटलं होतं, ही त्यांची ओळखीची खूण असेल. त्या चपला म्हणजे भार वाटून देणारं यंत्र होतं, हे कळायला मला पस्तिशी ओलांडावी लागली.

प्लास्टरच्या त्या आठवड्यांत मी सिम्युलेशनमध्ये एक गोष्ट घातली. पाऊल. ठरावीक वेळाने थरावर ताण येतो, सुटतो, पुन्हा येतो. आकड्याचे दोन संच चालवले. पेशींचा आकडा 3.9 ठेवला तर पावलं पडत असतानाही भोक मिटलं, हळू, पण मिटलं. 3.7 ठेवला तर कड थोडी आत आली, ताण आला तशी मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा मागे. रात्रभर चालवलं. सकाळी पडद्यावर कड जवळपास तिथेच होती आणि तिच्याभोवती पेशी दाटल्या होत्या. बघून अंगावर काटा आला. तरी, दिसायला सारखं म्हणून कारणही तेच, असं मी म्हणणार नाही. घट्ट्यामागे पेशींची रसायनं आहेत, साखरेने बिघडलेल्या प्रथिनांचं मोठं प्रकरण आहे, आणि माझ्या प्रतिमानात यातलं काहीच नाही. पण पाऊल आता आहे. मी पोरांना ते दाखवते, आणि पाऊल न घातलेलंही शेजारी लावते.

प्लास्टर बदलायच्या दिवशी शीट निघायची. 8.7. 6.3. चौथ्या आठवड्यात 4.4. डॉक्टरांनी आकडा ऐकून मान हलवली. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याखाली आलं तर बाराव्यापर्यंत जखम भरण्याची शक्यता चांगली, असा त्यांचा ठोकताळा आहे. नवी कातडी कडेने आत येताना मी पहिल्यांदा जवळून पाहिली. गुलाबीसर, ओलसर चमक असलेली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ती सगळीकडून सारखी येत नव्हती. करंगळीच्या बाजूने एक जीभ पुढे निघाली होती, अंगठ्याकडची बाजू मागे रेंगाळत होती. बशीतल्या पेशीही अशाच, बोटं काढत पुढे जातात. मी शीटवर ती जीभ ओढली तेव्हा माझा हात नेहमीपेक्षा हळू चालला.

2.5. 1.1. 0.3. सतराव्या शीटवर दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली तारीख आहे. रेषा नाही. आईने विचारलं, मग शीट कशाला वाया घालवली. मी म्हटलं, असू दे.

पण अशा भरलेल्या जखमांपैकी साधारण 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. नवी कातडी पातळ असते आणि खालचा पाय तोच असतो, बधिर. म्हणून आता घरात काही गोष्टी रोज होतात. रात्री आई मोबाइलचा टॉर्च लावून बाबांचे तळवे बघते. बाबांच्या मापाने करून घेतलेल्या एमसीआरच्या चपला दाराशी असतात, घरातही त्याच. आणि सकाळी पेपर आणायला निघताना बाबा आधी पायरीवर बसतात. एक चप्पल उचलतात, उलटी करून झटकतात, मग पंजा आत घालून सगळ्या तळावरून बोटं फिरवतात. सावकाश, पट्ट्याच्या टाक्यापाशी थांबून. काल त्यांना एक बारीक खडा सापडला. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात बघितला, मला दाखवला, आणि मग दुसरी चप्पल उचलली.